चमकेच्या अलीकडे

अक्का दारातच थांबली. एका हातानं तिनं झग्याचा घोळ घोट्यांच्या वर उचलला, दुसऱ्या हातानं पायांतल्या सपाता काढून छातीशी धरल्या, आणि खाली बघत म्हणाली, “पाणी फार आहे रे.”

त्याला हसू आलं. नव्या घराचं कुलूप त्यानं नुकतंच उघडलं होतं, किल्ली अजून बोटात लोंबत होती, आणि आत त्याची फरशी पसरली होती. पांढरीशुभ्र, एका खोलीतून दुसरीत कुठेही सांधा न दाखवता गेलेली, समोरच्या मोठ्या खिडकीतला सगळा उजेड अंगावर घेऊन पडलेली. ‘आरशासारखी’ हा शब्द दुकानदारानं वापरला होता, आणि तो त्याला तिथल्या तिथे पटला होता. “अक्का, पाणी कुठलं? फरशी आहे ती. नवी आहे ना, म्हणून चमकतेय.” अक्कानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी खिशात काहीतरी लपवून तो घरात शिरायचा तेव्हा ती असंच बघायची. खोटं तर पकडलंय, आता मारायचं की सोडून द्यायचं ते ठरवायचंय, असं. “बुटक्या,” ती म्हणाली, “मला नको शिकवूस. तुला पोहता येत नाही.” दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच, कानांवरचे केस पिकलेला असा तो बुटक्या. मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला हसू आवरेना. मग तो स्वतःच आत गेला. खोलीच्या मध्यावर उभं राहून त्यानं दोन्ही पाय आपटून दाखवले. “हे बघ. ठणठणीत कोरडं.” पण अक्का त्याच्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या पावलांच्या खाली बघत होती, जिथे तळव्याला तळवा लावून दुसरा एक तो उलटा लटकत होता, डोकं खाली खोल गेलेलं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तसा त्यानं आजवर कधी ऐकला नव्हता. “बाहेर ये! आधी बाहेर ये!” शेजारचं दार किलकिलं झालं. आणि तो, एवढा बाप्या माणूस, कान धरून ओढल्यासारखा मुकाट बाहेर आला. अक्कानं खाली वाकून त्याच्या पँटचे पाय चाचपले. ते कोरडे निघाले याचं तिला नवल वाटलं नाही. नुसतं हायसं वाटलं.

लिफ्टनं ते खाली निघाले. अक्कानं त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. त्या पकडीत काही विसरल्याची खूण नव्हती. आई गेली तेव्हा तो दुधाच्या दातांचा होता आणि अक्का शाळेच्या शेवटच्या वर्गात. वडील फिरतीवर. तिनं शाळा सोडली, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायला लागली, आणि त्याचा अभ्यास, त्याची आजारपणं, त्याची नोकरी, त्याचं लग्न असं एकेक मार्गी लावता लावता तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. ‘राहून गेलं’ असंच ती म्हणायची, छत्री कुठेतरी राहून जावी तसं. त्याच्या लग्नानंतरही ती त्यांच्याजवळच राहिली, भाड्याच्या त्याच जागेत, आणि नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ जमलं की घरात एकटा पडायचा तो तोच. अलीकडे तिला शब्द सापडेनासे झाले. कात्रीला ती ‘ते कापतं ना, ते’ म्हणू लागली. मग एकदा भाजी आणायला म्हणून गेली ती भलत्याच गल्लीतल्या भलत्याच इमारतीत शिरली आणि कुलूप न विचारता का बदललं म्हणून तिथल्या लोकांवर डाफरली. त्या लोकांनी तिला पाणी देऊन बसवून ठेवलं, हे त्यांचे उपकार. आणि आता त्यांची जुनी इमारतच पाडायला निघाली होती. म्हणून हे घर. अक्काला स्वतःची खोली असावी, खिडकीशी उजेड असावा, म्हणून तर सगळा खटाटोप. तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, की जागा बदलणं अशा माणसांना जड जातं. तिथे रमल्या नाहीत तर मग अशांना सांभाळणाऱ्या संस्थेचा विचार करा. ती संस्था दोघं नवरा-बायको जाऊन बघून आले होते. माणसं चांगली होती. ओळीनं खाटा, प्रत्येक खाटेच्या उशाशी कुणाच्या तरी घरातून आलेली एकेक वस्तू. बाहेर पडल्यावर बायको म्हणाली होती, “वाईट नाहीये.” आणि चालण्याचा वेग वाढवला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून तो परस्पर नव्या घरी गेला. तो दातांच्या लॅबमध्ये कामाला होता. दंतवैद्य साचे पाठवायचे आणि तो त्यातून माणसांचे दात घडवायचा. सगळा जन्म त्यानं पृष्ठभाग घासण्यात घालवला होता. आधी जाडाभरडा दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग रबराचं चाक, आणि शेवटी मऊ ब्रशवर पांढऱ्या भुकटीचा हात; त्या शेवटच्या हाताला निस्तेज तुकडा एकाएकी ओला झाल्यासारखा चमकायचा, आणि इतक्या वर्षांनीसुद्धा त्या क्षणी त्याला आत कुठेतरी गुदगुली व्हायची. चमक म्हणजे काम पूर्ण झाल्याची पावती. घर करायला घेतलं तेव्हा फरशीपासून नळापर्यंत त्यानं तीच पावती मागितली होती. डाग धरणार नाही, रंग उडणार नाही, पुढे कधी बघायलाच लागणार नाही, असं सगळं. बायको तेव्हा दुकानात दोनदा म्हणाली होती की एवढी चकचकीत नको, एक केस पडला तरी दिसेल, पुसत कोण बसणार? त्यानं ऐकल्यासारखं केलं होतं.

तो आत आला, बूट काढले, दिवा न लावता उभा राहिला. फरशी दिसत होती ती फरशीसारखीच. मग त्याच्या मनात आलं, अक्का तर वाकून चालते. तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या जागी नाहीतच. म्हणून तो भिंतीशी खाली बसला, गुडघे जवळ घेऊन, आणि नजर जमिनीच्या जवळ आणली. खोलीला तळ नव्हता. खिडकी खाली टांगलेली होती, आणि खिडकीच्या खाली, फार खाली, समोरची उंच इमारत उलटी बुडालेली होती. तिच्यातला एकेक दिवा लागत होता आणि तो दिवा लागल्याबरोबर जराशी थरथर व्हायची, जशी पाण्यात होते. आभाळाचा एक फिकट तुकडा सगळ्याच्या बुडाशी होता. एक पाखरू त्याच्या मांडीखालून गेलं. त्यानं हात पुढे केला, तळहात पसरला, आणि तो खाली टेकवायचा त्याला धीर होईना. त्याला ठाऊक होतं की खाली दगड आहे. त्यानं स्वतः निवडलेला, स्वतः उभं राहून बसवून घेतलेला दगड. तरी हात अधांतरी राहिला. किती सुंदर होतं ते, आणि किती भयंकर! आणि काल एक बाई दारात उभी राहून हे सगळं एका नजरेत बघती झाली होती आणि आपण हसलो होतो. तिला दिसलं ते खोटं नव्हतं. उलट, जे खरोखर तिथे होतं ते तिला दिसलं होतं, आणि आपल्याला ते न दिसायची सवय झालेली होती. डोळ्यांना फसवणं हाच तर आपला धंदा, त्याला वाटलं. पण फसायचं कसं हे ती विसरून गेलीय.

अंधार व्हायला लागला तसं त्याला दुसरंच एक पाणी आठवलं. त्यांच्या लहानपणच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी अक्का जमीन धुवायची. त्याला पलंगावर चढवून बसवायची आणि बजावायची, “वाळेस्तोवर खाली पाय टाकलास तर याद राख.” मग बादली ओतली जायची, खराटा फिरायचा, आणि खोलीभर समुद्र व्हायचा. तो पलंगाच्या काठावर पोटावर पडून बघत राहायचा. पाणी हळूहळू आटायचं. आधी दाराजवळ एक बेट वर यायचं, मग दुसरं. बेटांना आखातं फुटायची, बेटं एकमेकांना जाऊन मिळायची, खंड व्हायचे. शाळेत नकाशे शिकवायच्या कितीतरी आधी त्यानं पृथ्वी तयार होताना पाहिली होती. आणि अक्का दारातल्या कोरड्या पायरीवर बसलेली असायची, ओले हात मांडीवर, डोळे मिटलेले. तेवढा वेळच तिला बसायला मिळायचा. शेवटी ती पायाचा अंगठा टेकवून अजमावायची आणि म्हणायची, “हं. झाली जमीन.” मग तो उडी मारायचा. ती म्हणाली म्हणजे जमीन झाली. त्यानं कधी खाली वाकून बघितलं नव्हतं.

बायकोनं सतरंज्यांचा उपाय काढला. “झाकून टाकू. दिसलंच नाही तर घाबरतील कशाला?” त्यांनी चांगली जाडजूड, गडद तपकिरी रंगाची सतरंजी आणली, आणि नव्या घरी नेऊन पुन्हा भीती घालण्यापेक्षा आधी जुन्याच घरात अक्काच्या पलंगापुढे अंथरून पाहिली. अक्का उठली, सतरंजीच्या कडेपर्यंत आली, आणि भिंतीला पाठ घासत, एकेक पाऊल आडवं टाकत, तिला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली. तिथे जाऊन बायकोला दबक्या आवाजात म्हणाली, “वहिनी, मधे केवढा खड्डा खणलाय बघ. त्याला सांग. संध्याकाळी बुटक्या पडायचा त्यात.” बायकोनं सतरंजीची गुंडाळी केली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. नळ बंद करून ती बाहेर आली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. “आपण डॉक्टरीणबाईंना विचारू. मग काय करायचं ते एकदाच करू.”

डॉक्टरीणबाईंनी फार काही सांगितलं नाही. चमक म्हणजे त्यांना पाणी, काळं म्हणजे खड्डा, नक्षी म्हणजे काहीतरी सांडलेलं किंवा वळवळणारं; पांढऱ्या भिंतीत पांढरं दार असलं तर दारच नाही. “वाद घालू नका. त्यांना जे दिसतं ते दिसतं. आणि पुन्हा पुन्हा नेऊन बघू नका. आणखी एकदोनदा अशा घाबरल्या तर त्या खाटेवरून खाली उतरायच्याच बंद होतील.” पांढऱ्यात पांढरं. तो मान खाली घालून ऐकत होता. लॅबमध्ये नव्यानं लागलेल्यांना तो स्वतः शिकवायचा की सगळीकडे एकसारखा पांढरा केलात की दात मेला. खरा दात हिरडीपाशी वेगळा असतो, टोकाला वेगळा, म्हणून तर तोंड उघडलं की तो उठून दिसतो. हे तोंडाच्या बाबतीत ज्याला कळत होतं, त्यानं घराच्या बाबतीत भिंती पांढऱ्या, दारं पांढरी, न्हाणीघर छतापर्यंत पांढरं केलं होतं. बायको रस्त्यात एवढंच म्हणाली, “मी तेव्हाच म्हणत होते.” आणि थोड्या वेळानं, “पण मी केस दिसतील म्हणून म्हणत होते. मला तरी कुठे कळलं होतं?”

एकदाच करायचं तर दुसरी फरशी निवडायला अक्कालाच बरोबर न्यायचं, असं ठरलं. फरशांचं दुकान लांबलचक होतं, आणि त्याची स्वतःची जमीनही नमुन्यांचीच होती. पावलागणिक वेगळा तुकडा बसवलेला, वर दर थोड्या अंतरावर दिवे. तो दारातून एकदम आत शिरणार तोच अक्कानं त्याचा सदरा मागून धरला आणि स्वतः पुढे झाली. एक तुकडा निवडून तिनं पाय ठेवला. दुसरा चुकवला. तिसऱ्याला वळसा घातला, चौथ्यावर जराशी टेकली, मग लांब ढांग टाकून पाचव्यावर. तो तिच्या पावलांवर पाऊल टाकत मागून चालला, आणि बघता बघता त्याला त्या दुकानाचा दुसराच नकाशा दिसू लागला. इथे डबकं, इथे विहीर, इथे दलदल, इथे कोरडी, भरवशाची जमीन. गिऱ्हाइकं बिनदिक्कत विहिरींवर उभी राहून भाव विचारत होती. दुकानदार त्यांच्यामागून आपल्याच तंद्रीत बोलत येत होता. “डाग नाही, ओरखडा नाही, झीज नाही. साहेब, तुम्ही जाल, आम्ही जाऊ, पण ही फरशी जाणार नाही!” अक्का थबकली. “मग घालायची कुणासाठी?” तिनं विचारलं. दुकानदारानं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं बायकोकडे, आणि तिघंही हसले. पण अक्का हसली नव्हती, ती खरोखरच विचारत होती.

उभ्या मांडलेल्या नमुन्यांपाशी ती रेंगाळली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून ती प्रत्येक फरशीची कड चोळून बघत होती, कारखान्यात ताग्याचं टोक चोळायची तशी. बहुतेकांवर तिची बोटं थांबलीच नाहीत. मग कुणाचं लक्ष नसताना ती मागच्या अर्ध्या उघड्या दारातून आत गेली. तो धावला. ते दुकानाचं गोदाम होतं. खोकी, हातगाड्या, लाकडाचा भुसा. वर एकच साधा दिवा. आणि अक्का चालत होती. खाली न बघता, हात सैल सोडून, दोन्ही बाजूंची खोकी न्याहाळत, मंडईतून चालावं तशी. हात हलवत! तिचे हात चालताना हलायचे हे तो विसरूनच गेला होता. कितीतरी महिने ते हात काहीतरी धरायला नेहमी पुढे निघालेले असायचे. तो दारातच उभा राहिला, देवघरात कुणी डोळे मिटून बसलेलं असताना आपण पाय न वाजवता थांबतो तसा. पाऊल टाकणं ही केवढी गोष्ट असते! प्रत्येक वेळी माणूस आपलं सगळं ओझं न बघितलेल्या जागेवर सोपवून देतो, आणि दिवसभरात किती वेळा, आणि एकदाही त्याची आठवणसुद्धा ठेवत नाही. जिच्याकडे बघावं लागत नाही ती जमीन. इतकं साधं होतं ते.

“ही कुठली फरशी?” त्यानं विचारलं. दुकानदार गोंधळला. “ही? ही गोदामाची हो. घरात कुणी घालत नाही.” भाजलेल्या बिस्किटासारखा तिचा रंग, वर काही चढवलेलं नाही, तोच रंग अंगभर आरपार. वर्षानुवर्षं गाड्या ओढून तिच्यावर चाकांची वाट उमटायला हवी होती, पण ती नुसती थोडी मवाळ झाली होती. बायको तोवर खाली बसली होती आणि तळहातानं फरशी चोळून बघत होती. “तेल सांडलं तर?” “साबणाचं पाणी मारा, बाई.” “ओली झाली तर पाय सरकतो?” “इथे हमाल ओल्या पायांनी पोती नेतात.” “गार पडते का फार?” दुकानदारानं डोकं खाजवलं. “तेवढी नाही. पण बाई, हिला शोभा नाही.” “शोभा आम्ही बघून आलो,” बायको उठत म्हणाली. “हीच द्या. सगळ्या घराला हीच, मधे कुठेही वेगळा पट्टा नको. आणि उंबरे काढून टाकायचेत.” तो आपल्या बायकोकडे बघत राहिला. इतकी वर्षं संसार करून आज प्रथमच भेटल्यासारखी ती त्याला वाटली.

संस्थेतली एक खाट रिकामी झाली होती. तसा फोन आला होता, आणि महिनाअखेरीपर्यंत ती राखून ठेवतो असं ते म्हणाले होते. ‘नको’ म्हणायचं बळ दोघांतही नव्हतं. जुनी इमारत जवळजवळ रिकामी झाली होती, जिन्यातले दिवेही काढून नेले होते. कामाची घाई होती. फरशी बसवणारा आला, त्यानं पांढऱ्या फरशीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि म्हणाला, “उखडायची कशाला? पक्की बसलीय. वरूनच बसवू. दारं तेवढी खालून तासावी लागतील.” आपण निवडलेली पांढरी फरशी झाकली जाताना आपल्याला वाईट वाटेल, असं त्याला वाटलं होतं. पण करड्या लगद्याचा पहिला थर पांढऱ्यावर पसरला, मग पहिली बिस्किटी फरशी दाबून बसवली गेली, आणि खिडकीचं एक टोक विझलं. ओळीमागून ओळ येत गेली तशी ती बुडालेली इमारत झाकत गेली, आभाळ झाकत गेलं, आणि त्याला काही वेगळंच वाटत राहिलं. ते सगळं खाली आहेच. आपण त्याच्यावर छप्पर घालतोय आणि त्या छपरावर राहणार आहोत. कदाचित सगळ्याच घरांचं असं असेल. कुणीतरी केव्हातरी अथांग खोलीवर जमीन अंथरून ठेवलेली असते, आणि ‘झाली जमीन’ म्हणून सांगितलेलं असतं.

दारांच्या चौकटींना बायकोनं वीटकरी रंग निवडला आणि भिंतींना ताकासारखा, पुसता येईल असा. ओट्याचे कोपरे गोल करून घेतले. न्हाणीघरात कमोडच्या बसायच्या जागेला निळं झाकण बसवलं, म्हणजे पांढऱ्यात ती हरवणार नाही. अक्काच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीच्या कडेनं धरून चालायला लाकडाचा गोल दांडा लावायचा होता. तो मात्र त्यानं स्वतः घासायला घेतला. सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या घरात, खिडकीशी बसून. आधी जाडा पॉलिश पेपर, मग मधला, मग बारीक. रेषा बुजत गेल्या, लाकूड हाताखाली गप्प होत गेलं. तेलाचा हात दिला, पुन्हा बारीक पेपर फिरवला. आणि मग त्याचा हात सवयीनं पुढच्या पायरीला निघाला, चमकेच्या. मऊ फडकं, मेण, भराभर घासणं. फडकं त्यानं उचललंही होतं. दांडा वर धरून त्यानं उजेडात पाहिला. उजेड त्याच्यावर आदळून परत येत नव्हता. तो लाकडात शिरत होता आणि तिथेच राहत होता, जसा माणसाच्या कानाच्या पाळीत राहतो, तळहातात राहतो. त्याच्या हातून आजवर कितीतरी वेळा ही पायरी गेली असेल. पण तिथे तो कधी थांबला नव्हता, तिच्यावरून धावत पुढे गेला होता. इथेही काही असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वस्तू पुरी होते ती इथेच. पुढचं सगळं तिनं स्वतःला दाखवणं. त्यानं फडकं खाली ठेवलं. तो तसाच बसून राहिला, दांडा मांडीवर आडवा घेऊन, आणि भर दुपारी, काही कारण नसताना, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुःखाचं म्हणावं तर तसं नव्हतं.

न्यायच्या दिवशी बायको म्हणाली, “आपण काही बोलायचं नाही. नवं घर नाही, फरशी नाही, काही नाही. घरी चाललोय, बस.” गाडीतून उतरल्यावर सामान काढायला तो मागे राहिला, बायको अक्काचा दंड धरून पुढे गेली आणि लिफ्टचं दार त्यांच्यामागे बंद झालं. एका हातात अक्काची कपड्यांची पिशवी, दुसऱ्यात गादीची वळकटी. लिफ्ट वर गेली ती खाली येईना. तो जिन्यानं निघाला. प्रत्येक मजल्यावर थांबून तो कान देत होता. त्या दिवसासारखा आवाज आला तर? आवाज आला तर काय करायचं, पिशवी इथेच टाकून धावायचं, की ती तशीच उचलून पुन्हा खाली गाडीत न्यायची आणि गाडी संस्थेकडे वळवायची? वरून काहीच ऐकू येत नव्हतं. ती शांतता चांगली की वाईट हेही कळेना. शेवटच्या वळणावर त्याला धाप लागली होती. दार उघडं होतं.

आत बायको स्वयंपाकघराच्या वीटकरी चौकटीत उभी होती, तोंडाशी पदर धरून. त्याला बघताच तिनं बोलू नकोस अशी खूण केली. आणि अक्का खोलीच्या मधोमध उभी होती. ती कशी आत गेली, दारात थांबली का, खाली बघितलं का, पहिलं पाऊल कुठलं टाकलं, ते त्याला दिसलं नाही आणि पुढे कधी दिसणारही नव्हतं. सपाता तिच्या पायांतच होत्या. तिनं वळून दाराकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती. पण भीतीही नव्हती. घरात बसलेल्या माणसानं दारात आलेल्याकडे बघावं तसं ती बघत होती.

“कोण हवंय आपल्याला?”

सगळ्या आयुष्यात ती त्याच्याशी ‘अरे-तुरे’ सोडून बोलली नव्हती. “मी... सामान घेऊन आलोय,” तो म्हणाला.

“मग असे दारात का उभे? या ना. या आत.” तो बूट काढायला वाकला तशी ती पुढे आली. “असू देत, असू देत. काही होत नाही त्यानं.” तिनं स्वतः खुर्ची ओढली, बसायची जागा तळहातानं झटकली. “केवढं ओझं आणलंत. दमलात. बसा आधी, टेका.” आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं, अगदी बरोबर त्या दाराकडे बघत, “अगं, ऐकलंस का? पाहुणे आलेत. चहा टाक.”

तो बसला. पिशवी त्याच्या पायाशी, वळकटी भिंतीशी. अक्का समोरच्या खुर्चीवर बसली, झगा गुडघ्यांवर सारखा केला, आणि पाहुण्याला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून त्याच्याकडे बघून थोडीशी हसली. आतून भांड्याचा आवाज आला. काहीतरी बोलायला हवं होतं.

“घर छान आहे तुमचं,” तो म्हणाला.

अक्कानं मान वळवून एकवार सगळीकडे पाहिलं. भिंती, दारं, खिडकी. घाई न करता, सगळं ठाऊक असलेल्या माणसासारखं.

“भावानं केलंय,” ती म्हणाली.